इंदूरच्या खड्ड्यातलं खत : एका पद्धतीच्या दोन कहाण्या

नैसर्गिक किंवा सेंद्रिय शेतीवर सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिल्या-दुसऱ्या पानावर एक वाक्य हमखास येतं. "सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी भारतीय शेतकऱ्यांच्या पारंपरिक ज्ञानातून कंपोस्टची इंदूर पद्धत विकसित केली." वाक्य ऐकायला छान आहे. परदेशी शास्त्रज्ञ, आपला शेतकरी, आपलं शहर, सगळं एका ओळीत बसतं. समोरचा परीक्षकही मान डोलावतो.

आता एक साधा प्रश्न. या वाक्याचा पुरावा कोणत्या वर्षातला आहे?

जमिनीच्या आरोग्यावर संशोधन करायचं म्हणून तुम्ही तयारीला लागला असाल, तर या प्रश्नावर थोडा वेळ घालवणं फायद्याचं आहे. इंदूरमध्ये काम झालं १९२४ ते १९३१ या काळात. त्या कामाचं मूळ पुस्तक आलं १९३१ मध्ये. आणि शेतकऱ्यांना गुरू मानल्याची जी गोष्ट आपण सगळे सांगतो, ती ठळकपणे येते १९४५ च्या पुस्तकात. मधे चौदा वर्षं आहेत. या चौदा वर्षांत गोष्ट कशी बदलली आणि त्यात कोण गळून पडलं, हे आज बघू.

सुरुवात माणसापासून. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्लंडमधल्या शेतकरी कुटुंबातला, केंब्रिजला शिकलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. आधी वेस्ट इंडीजमध्ये बुरशीरोगांवर काम, मग केंटमधल्या वाय कॉलेजात हॉप्सवर. १९०५ मध्ये तो बिहारमधल्या पुसा इथे नव्या सरकारी शेती संशोधन संस्थेत 'इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट' म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी त्याचं लग्न गॅब्रिएल मॅथाई हिच्याशी झालं. इथे जरा थांबा, कारण बहुतेक लेखांत ती 'त्यांच्या पत्नी' एवढ्यावर उरकली जाते. गॅब्रिएल ही केंब्रिजची वनस्पतिशास्त्रज्ञ. प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा परिणाम काय होतो यावरचं तिचं काम, आणि एफ. एफ. ब्लॅकमनबरोबरचं १९०५ चं काम, आजही प्लांट फिजिऑलॉजीच्या इतिहासात शिकवलं जातं. 'लिमिटिंग फॅक्टर' ही कल्पना तुम्ही एमएस्सीला पाठ केली असेल, तिच्या मुळाशी हे प्रयोग आहेत. पुसाला दोघांनी मिळून गव्हाच्या जाती काढल्या. पुसा ४ आणि पुसा १२ ही त्यातली गाजलेली नावं. पेपर दोघांच्या नावाने निघत.

पुसाला हॉवर्डला एक गोष्ट खटकत गेली. सुधारित वाण जुन्याच जमिनीत टाकला तर उत्पन्न वाढतं थोडंच. जमीन सुधारून मग वाण टाकला तर चित्र बदलतं. म्हणजे वाण, पाणी, मातीतली हवा, सेंद्रिय पदार्थ हे सगळं एकत्र अभ्यासायला हवं. पण संस्थेची रचना अशी की बियाणं एका विभागाकडे, माती दुसऱ्याकडे, कीड तिसऱ्याकडे, बुरशी चौथ्याकडे. (आपल्या विद्यापीठांतल्या विभागांच्या पाट्या आठवल्या ना?) त्याला एकच सलग शेत हवं होतं, आणि त्यावर सगळे प्रश्न एकत्र सोडवणारी एकच तुकडी.

ते मिळालं इंदूरला. १९२४ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. पैसा मुख्यतः इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा, जोडीला मध्य भारतातल्या संस्थानांची वर्गणी, आणि होळकर दरबाराने दिलेली सुमारे ३०० एकर जमीन. संस्था कापसासाठी होती, हे विसरू नका. कमिटीला चांगला कापूस हवा होता. कापूस सुधारायचा तर आधी जमीन सुधारायला हवी, हा हॉवर्ड दांपत्याचा आग्रह. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे.

जमीन माळव्याची काळी. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला तिचं वेगळं वर्णन करून सांगायला नको. उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून चिकट, पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. पहिली कामं म्हणून निचरा आणि बांधबंदिस्ती झाली. त्यानंतर खरा प्रश्न आला तो सेंद्रिय खताचा. खत आणायचं कुठून?

गावातलं गणित साधं होतं आणि तोट्याचं होतं. शेणाच्या गोवऱ्या होत, कारण सरपण नाही. गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरून जाई. उरलं ते उकिरड्यावर, उन्हापावसात. पऱ्हाट्या, तुराट्या जाळल्या जात किंवा बांधावर पडून राहत. यात नवीन काहीच नव्हतं. १८८९ मध्ये भारतात आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्करने १८९३ च्या आपल्या सरकारी अहवालात शेण जाळण्याचं दुखणं मांडलं होतं आणि सरपणासाठी झाडं लावा, म्हणजे शेण शेतात जाईल, असं सुचवलंही होतं. त्याच अहवालात भारतीय शेतकरी मागासलेला आहे या समजुतीला त्याने स्पष्ट विरोध केला होता. म्हणजे 'इथल्या शेतकऱ्याला शेती कळते' हे इंग्रजी सरकारच्या कागदावर हॉवर्ड येण्याच्या बारा वर्षं आधी छापून झालं होतं. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये व्होल्कर सापडत नाही, कारण सायटेशनची साखळी हॉवर्डपाशी येऊन थांबते.

आता पद्धत. ही नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद हिच्यावर उभा आहे.

वाळका काडीकचरा थेट जमिनीत गाडला तर काय होतं? पीक पिवळं पडतं. आजोबांना हे माहीत होतं, कारण मात्र सूक्ष्मजीवशास्त्राने सांगितलं. वाळक्या काडीत कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशांना कर्ब ऊर्जेसाठी लागतो आणि शरीर बांधायला नत्र लागतो. काडीत तो नाही, मग ते मातीतला उचलतात. पिकाच्या वाट्याचा नत्र काही काळ त्यांच्या शरीरात अडकून पडतो. म्हणून काडी शेतात कुजवण्यापेक्षा शेताबाहेर कुजवावी आणि नत्राची सोय तिथेच करावी. कर्ब-नत्र गुणोत्तर सुरुवातीला तिसाच्या आसपास असलं की कुजणं वेगात होतं, आणि तयार ह्युमसमध्ये ते दहाच्या आसपास येतं. हे आकडे आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहेत. १९२० च्या दशकात ते ताजं संशोधन होतं.

इंदूरला खड्डा असे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल. उथळ का, तर हवा खालपर्यंत पोचावी म्हणून. त्यात थर: बैलांच्या पायाखालचा पालापाचोळा आणि काडीकचरा, त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती, लाकडाची राख, आणि शेण पाण्यात कालवून केलेला सडा. विरजण म्हणून आधीच्या खड्ड्यातलं बुरशी धरलेलं खत. पाणी मारायचं, पण भिजवून चिखल करायचा नाही. ठराविक दिवसांनी खालचं वर, वरचं खाली असं उलथायचं. साधारण तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग करायचे.

यातल्या दोन युक्त्या मला फार आवडतात. पहिली मूतमातीची. गोठ्याची जमीन पक्की करण्याऐवजी ती मातीचीच ठेवायची, मूत तिच्यात मुरू द्यायचं आणि काही महिन्यांनी ती माती खणून काढून नवी भरायची. नत्राचा हा साठा गावात फुकट होता, फक्त वाया जात होता. दुसरी युक्ती पऱ्हाट्यांची. कापसाची काटकी एवढी टणक की वर्षभर कुजत नाही. त्या सरळ संस्थेच्या रस्त्यावर अंथरत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्या चेचून काढत, मग त्या खड्ड्यात. यंत्राचा खर्च शून्य. एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे ५० गाड्या खत निघू शकतं असा इंदूरचा हिशोब होता. एरवी त्याच जोडीमागे शेतकऱ्याच्या हाती लागे दोन-तीन गाड्या, तेही अर्धंकच्चं.

१९३१ मध्ये हे सगळं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापलं. पुस्तकाचं नाव 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर : देअर युटिलायझेशन अ‍ॅज ह्युमस'. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड.

वाड हे नाव वाचल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतात. ते संस्थेच्या रसायनशास्त्र शाखेतले चीफ असिस्टंट, शिक्षण एमएस्सी. पुस्तकात पद्धतीच्या रासायनिक बाजूवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. खड्ड्यात काय टाकलं, किती टाकलं, त्यात नत्र किती, तीन महिन्यांनी काय निघालं, मधल्या टप्प्यांवर पदार्थ कसा बदलत गेला. इंदूर पद्धत ही 'पद्धत' झाली ती या प्रकरणामुळे. नाहीतर काडीकचरा कुजवण्याचे प्रकार जगात हजार आहेत. कुणीही, कुठेही, तेच प्रमाण घेऊन तेच खत काढू शकेल याची खात्री मोजमापाने आली, आणि ती खात्री असल्यामुळेच पुढे काही वर्षांत केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत आणि आसामातल्या चहाच्या बागांत तसे ढीग लागले.

मी या पुस्तकातल्या ऋणनिर्देशांकडे मुद्दाम बघते. लेखक कुणाचं काम पायाभूत मानतात? एक, अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग. हा १९०९ मध्ये चीन, कोरिया आणि जपान फिरला. 'फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंच्युरीज' हे त्याचं पुस्तक १९११ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, पत्नीने पूर्ण करून छापलं. काडीकचरा, गाळ, मैला काहीच वाया न घालवता चिनी शेतकरी शेताबाहेर कुजवून मग शेतात घालतो, हे त्यात तपशिलाने आहे. दोन, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचे हचिन्सन आणि रिचर्ड्स. त्यांनी १९२१ मध्ये जनावरांशिवाय, गव्हाच्या काडाला बाहेरून नत्र देऊन, कृत्रिम शेणखत कसं करता येतं ते दाखवलं होतं. तीन, अमेरिकेतल्या वॅक्समनचं ह्युमसवरचं सूक्ष्मजीवशास्त्र.

म्हणजे वंशावळ अशी दिसते: चिनी शेतकऱ्याची पद्धत, इंग्रज प्रयोगशाळेचं नत्राचं सूत्र, अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्र, इंदूरचा गोठा आणि वाडांचं विश्लेषण. भारतीय शेतकरी या पुस्तकात आहे, पण खताच्या बाबतीत तो बराचसा 'हे वाया घालवतो' या रकान्यात आहे. चीनचा शेतकरी आदर्श, इथला शेतकरी ज्याला पद्धत शिकवायची तो. रासायनिक खतांविरुद्धची लढाईची भाषाही इथे नाही. सूर आहे तो हिशोबी: विकतचं खत या शेतकऱ्याला परवडणार नाही, मग त्याच्या आवारात पडलेल्या मालातून काय करता येईल?

आता पुढची नऊ वर्षं. ऑगस्ट १९३० मध्ये गॅब्रिएल वारली. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतला, गॅब्रिएलची बहीण लुईस हिच्याशी त्याने लग्न केलं, १९३४ मध्ये सर झाला. १९४० मध्ये त्याचं 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' आलं. सेंद्रिय चळवळीचा पाया म्हणतात ते हे. त्यात निसर्ग हा सर्वश्रेष्ठ शेतकरी, जंगल ही आदर्श शेती, आणि नत्र-स्फुरद-पालाश एवढ्याच हिशोबाने विचार करणाऱ्या 'एनपीके मनोवृत्ती'वर कडक टीका. १९४५ च्या पुस्तकात तो आणखी मागे जातो आणि पुसातले पहिले दिवस आठवतो. आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं निरोगी दिसत, तेव्हा त्या शेतकऱ्यांना आणि किडींनाच आपले प्राध्यापक मानायचं ठरवलं, अशी ती आठवण. चाळीस वर्षांपूर्वीच्या काळाची आठवण. आपल्या सिनॉप्सिसमधलं वाक्य इथून येतं.

इतिहासकार ग्रेगरी बार्टन यांनी सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासावरच्या आपल्या लिखाणात याच जागी बोट ठेवलं आहे. हॉवर्डची मुळं युरोपीय विज्ञानाच्या मुख्य प्रवाहात आहेत, आणि शेतकऱ्यांकडून शिकल्याची कहाणी नंतरची आहे, असा त्यांचा साधारण रोख. उलट बाजूला चळवळीतले बरेच लेखक ही आठवण जशीच्या तशी घेतात.

माझं मत? कंपोस्टपुरतं बोलायचं तर बार्टन यांचं पारडं मला जड वाटतं, कारण १९३१ चं पुस्तक समोर आहे. पण त्यांच्याही युक्तिवादाला एक मर्यादा आहे, ती पद्धतीची. १९३१ चं पुस्तक तांत्रिक आहे. तांत्रिक लिखाणात शेतकऱ्याचा ऋणनिर्देश करण्याची तेव्हा रीतच नव्हती. (आता तरी कितपत आहे? 'फील्ड ट्रायल शेतकऱ्याच्या शेतावर घेतली' या वाक्यातल्या शेतकऱ्याचं नाव तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?) त्यामुळे पुस्तकात शेतकरी नाही म्हणून तो कामातही नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही. मौन हा पुरावा फार सांभाळून वापरायचा असतो. मिश्र पिकं, ज्वारीत तूर, कडधान्याची फेरपालट या गोष्टी हॉवर्ड दांपत्याने इथेच पाहिल्या आणि त्यांना मान दिला, हे खरं असू शकतं आणि तरीही कंपोस्टचं तंत्र इथल्या शेतकऱ्याचं नव्हतं हेही खरं असू शकतं. 'भारतीय शेतकऱ्यांचं पारंपरिक ज्ञान' असा एकच गठ्ठा बांधला की हा फरक दिसेनासा होतो. कुठलं ज्ञान, कुठल्या भागातलं, कुठल्या पिकातलं, हे वेगळं काढावं लागतं.

आणि त्या गठ्ठ्यात आणखी एक माणूस हरवतो: संस्थेचा मजूर. खड्डे भरले, उलथले, मूतमाती खणली ती रोजंदारीवरच्या बायाबापड्यांनी. हॉवर्ड दांपत्याने संस्थेत वेळेवर पगार, कमी तास, राहायची सोय यांवर भर दिला होता आणि त्याबद्दल लिहिलंही आहे. पुस्तकात उत्पादन आणि खर्चाचा हिशोब आहे, त्यात हे लोक मजुरीच्या रकान्यात दिसतात. उलथताना ढीग थंड पडलाय की नाही, ओल जास्त झालीय की कमी, हे हाताला कळणारं ज्ञान त्यांच्याकडे जमा झालं असणार. 'शेतकरी गुरू' या सुंदर वाक्यात त्यांना जागा नाही, कारण ते शेतकरी नव्हते, नोकर होते.

आता पुराव्याचं दुसरं अंग. हॉवर्डचा सर्वात मोठा दावा खताबद्दल नव्हता, आरोग्याबद्दल होता. ह्युमसयुक्त जमिनीतलं पीक निरोगी, ते खाणारं जनावर निरोगी. याचा त्याने वारंवार दिलेला दाखला पुसातल्या त्याच्या बैलांचा. शेजारच्या शेतातल्या लाळ्या-खुरकतीच्या जनावरांशी त्याच्या बैलांनी कुंपणावरून नाकाला नाक लावलं, तरी त्यांना रोग झाला नाही. निरीक्षण रोचक आहे. पण बैल मोजके, दुसऱ्या चाऱ्यावरचा तुलनेचा गट नाही, आधी कधी त्या रोगाचा संसर्ग होऊन गेला होता का याची नोंद नाही. आजच्या कुठल्याही रिसर्च अ‍ॅडव्हायजरी कमिटीत हे पहिल्या पाच मिनिटांत पडेल. तरी 'हॉवर्डने सिद्ध केलं' असं आपण छापतो. हॉवर्डने निरीक्षण नोंदवलं, गृहीतक मांडलं. सिद्ध करणं ही वेगळी क्रिया आहे.

गंमत म्हणजे, तुलनेचा प्रयोग त्याच काळात चालू होता, आणि हॉवर्डला तो अजिबात मान्य नव्हता. रोथॅमस्टेडचा ब्रॉडबॉक हा गव्हाचा प्रयोग १८४३ पासून सलग चालू आहे. एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, एकात काहीच नाही, इतरांत वेगवेगळी रासायनिक खतं. छोट्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं एकच पीक घेणं म्हणजे शेतीची नक्कल आहे, शेती नाही, असा हॉवर्डचा आक्षेप. आक्षेप पोकळ नाही. पण त्या पट्ट्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त झाला. आणि पुरेशी रासायनिक खतं दिलेल्या पट्ट्यांतलं गव्हाचं उत्पन्न दीर्घकाळ शेणखताच्या पट्ट्याच्या जवळपास राहिलं. पहिला निकाल सेंद्रिय बाजूच्या लेखात सापडतो, दुसरा खत कंपन्यांच्या. दोन्ही एकाच शेतातले आहेत, एकाच तक्त्यात शेजारी शेजारी.

आणि हो, इंदूरच्या आकड्यांनाही हाच नियम. कुजताना एकूण नत्र कमी होत नाही, उलट काही वेळा हवेतला नत्र स्थिर होऊन वाढतो, असं १९३१ च्या पुस्तकात मांडलं आहे. आज कंपोस्टच्या ढिगातून अमोनियाच्या रूपाने नत्र उडतो हे इतक्या ठिकाणी मोजलं गेलं आहे की त्या दाव्याकडे सावधपणे बघावं लागतं. मूतमातीत माती भरपूर असल्याने इंदूरला ही गळती कमी झाली असेल, हे शक्य आहे. हा छोटा प्रयोग करून बघण्यासारखा आहे, साहित्यही महाग नाही.

मग आपल्याकडच्या सध्याच्या चर्चेत हॉवर्ड कुठे बसतो? तो सगळीकडे बसवला जातो, हीच अडचण. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांची शून्य खर्चाची नैसर्गिक शेती देशभर पोचली, ते कंपोस्ट आणि गांडूळखताच्या विरोधात आहेत. त्यांचा भर जीवामृतावर आणि आच्छादनावर. म्हणजे काडीकचरा शेताबाहेर कुजवा म्हणणारा हॉवर्ड आणि तो शेतातच आच्छादन म्हणून राहू द्या म्हणणारी नैसर्गिक शेती, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. आच्छादन जमिनीवर असतं, गाडलेलं नसतं, त्यामुळे नत्र अडकण्याचा प्रश्न तिथे सौम्य असतो. शास्त्रीयदृष्ट्या हा फरक महत्त्वाचा आहे. प्रस्तावनेत दोघांना 'निसर्गाशी सुसंगत पद्धती' या एकाच डब्यात टाकलं, की जमिनीच्या आरोग्यासाठी नक्की कशाची चाचणी घेताय हेच ठरत नाही. तुमची ट्रीटमेंट एक, टी-वन असो की टी-फोर, ती नेमकी कुठल्या पद्धतीतून आली हे लिहिता यायला हवं.

शेवटी पुन्हा वाडांकडे येते, कारण त्यांची गोष्ट १९३१ ला संपत नाही. हॉवर्ड गेल्यानंतर एफ. के. जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी इंदूर पद्धत शहराच्या आणि वस्तीच्या घाणीला लावून पाहिली. त्यावरचा लेख १९३४ मध्ये 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये आला. शेतीच्या नियतकालिकात नाही, वैद्यकाच्या. कारण मैला कुजताना ढिगात तयार होणारी उष्णता, माश्या, रोगजंतू हे त्यातले प्रश्न होते. १९३५ मध्ये गांधींच्या 'हरिजन'मध्येही इंदूरच्या कंपोस्टबद्दल लिहिलं गेलं, आणि तिथे विषय स्वच्छतेचा आणि ती स्वच्छता कोण करतं याचाही होता. पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. एन. आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी न उलथता, झाकून कुजवण्याची 'बंगळूर पद्धत' बसवली. मातीच्या सुपीकतेचा धागा असा शहराच्या गटारापर्यंत आणि जातीच्या प्रश्नापर्यंत गेला. इंग्लंडमधली सेंद्रिय चळवळ ज्या हॉवर्डला ओळखते, त्याच्या गोष्टीत हा भाग जवळजवळ येतच नाही.

१९४० च्या पुस्तकावर लेखक म्हणून एकट्या हॉवर्डचं नाव आहे. ते त्याचंच पुस्तक होतं, त्यात गैर काही नाही. पण त्यानंतर जगाने इंदूर पद्धतीसाठी तेच पुस्तक सायटेशनमध्ये द्यायला सुरुवात केली, आणि वाड मागे पडत गेले. १९३१ चं पुस्तक इंटरनेटवर मिळतं. तुमच्या प्रस्तावनेत इंदूर पद्धतीचा उल्लेख असेल, तर संदर्भ त्याचा द्या, आणि लिहिताना 'हॉवर्ड आणि वाड, १९३१' असं लिहा. रासायनिक प्रकरण आधी वाचा. काम वाढेल, दोन संध्याकाळी जातील. त्या प्रकरणातले नत्राचे तक्ते मात्र मोबाईलवर वाचू नका, प्रिंट काढा.